ऑइलची नववी

आमच्या तालुक्यात गाडीचं इंजिन ऑइल त्याच्या संमतीशिवाय बदलता येत नाही. संमती म्हणजे टीपकागदावर ऑइलने स्वतःहून सोडलेला एक थेंब. तो पसरला की त्याखाली तारीख घालतात आणि मगच खालचा नट खोलतात. न विचारता नट खोलला तर ऑइल बाहेर येत नाही. लोकांनी प्रयत्न करून पाहिलेले आहेत.

सुनावणीसाठी नेसरीकर मॅडम पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी येतात. त्यांच्या पिशवीत टीपकागद, पांढरा सुती फडका, घड्याळ आणि शिक्का असतो. त्या कधी घाई करत नाहीत. ऑइल गरम असेपर्यंतच बोलतं, म्हणून आधी इंजिन थोडा वेळ चालू ठेवतात, मग मॅडम ऑइलची पातळी मोजायची पट्टी ओढतात आणि त्या भोकापाशी वाकून प्रश्न विचारतात. त्यांना मी एकदाही ऑइलला अरे-तुरे करताना ऐकलेलं नाही.

मार्चच्या पहिल्या शनिवारी मालनमावशीच्या जीपची सुनावणी होती. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत आहे. पुढची शाळा चौदा किलोमीटरवर, आणि त्या वेळेला एसटी नाही. मालनमावशी सहा वर्षं आम्हा मुलींना तिथे नेते-आणते. आत्ता आम्ही अकराजणी आहोत. जीपचं इंजिन एकदा उघडून झालेलं आहे, आणि पुन्हा बसलं तर गाडी सरळ भंगारात घाला, असं मेकॅनिकने तेव्हाच सांगितलं होतं. अश्लेषाच्या घरी तर स्पष्ट ठरलेलं आहे, की गाडी आहे तोवर शाळा. बाकीच्या घरांत असं बोलून दाखवत नाहीत, एवढाच फरक.

महाशिवरात्रीपासून फणसाच्या चढाला मीटरमधला ऑइलचा लाल दिवा लुकलुकत होता. मावशीने त्याच दिवशी अर्ज केला.

सुनावणी मावशीच्या अंगणात झाली. आम्ही मुली जोत्यावर बसलो होतो. मॅडमनी पट्टी ओढली, फडक्याने पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली. पातळी खालच्या खुणेच्याही खाली होती. त्यांनी थेंब दोन बोटांत चोळला, वास घेतला आणि वहीत तीन ओळी लिहिल्या. मग त्यांनी ऑइलला सेवेचा तपशील विचारला.

ऑइलने सांगितलं की ते जुलैमध्ये रुजू झालं आणि आजवर सहा हजार चारशे किलोमीटर झाले आहेत. पुस्तकात दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, असं दिलेलं आहे. दोन्हींपैकी काहीच आलेलं नाही. त्याचा आवाज जाड आणि शांत होता, आणि बोलणं अगदी पुस्तकी. आमच्याकडे तसं कुणी बोलत नाही.

मॅडम म्हणाल्या, पुस्तकातला आकडा मोठ्या रस्त्यावर सलग धावणाऱ्या गाडीसाठी आहे. ही गाडी चौदा किलोमीटरमध्ये नऊ ठिकाणी थांबते. इंजिन धड तापायच्या आत शाळा येते. शिवाय दिवाळीपासून रस्त्याचं रुंदीकरण चालू आहे आणि सगळी धूळ एअर फिल्टरमधून आत येते. अशा गाडीला आकडा निम्मा धरायचा असतो.

"रंग काळा झाला म्हणून मी निकामी ठरत नाही," ऑइल म्हणालं. "डिझेलच्या इंजिनात ऑइल आठवड्यातच काळे होते. काजळी स्वतःकडे घेणे हे माझे कर्तव्यच आहे."

मॅडमनी ते मान्य केलं. रंगाबद्दल त्या काहीच बोलल्या नव्हत्या. बोटांना कचकच लागली, वासात डिझेल आलं आणि पातळी उतरली, या तीन गोष्टी त्यांनी वाचून दाखवल्या. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, असं ऑइल म्हणालं. तरीही वार्षिक परीक्षा होईपर्यंत संमती देता येणार नाही.

मॅडमनी पेन थांबवलं. कुणाची परीक्षा, असं त्यांनी विचारलं.

"नववीची," ऑइल म्हणालं. "विज्ञान."

आमच्या गाडीत एक पद्धत आहे. पुढच्या सीटवर जी बसेल तिने त्या दिवशीचा धडा मोठ्याने वाचायचा, म्हणजे मागे लोंबकळत बसलेल्यांचाही अभ्यास होतो. यंदा पुढची सीट नववीच्या अश्लेषाकडे आणि रुक्सानाकडे आलटून पालटून असते. त्या वाचत होत्या आणि ऑइल जुलैपासून ऐकत होतं. गाडी आवाज फार करते म्हणून त्या ओरडूनच वाचायच्या, त्यामुळे त्याचा एकही शब्द सुटला नव्हता.

परीक्षा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात होती. मालनमावशी चाक धरून उभी होती. ती ऑइलला म्हणाली, "तोवर इंजिन टिकंल व्हय? तुम्हीच सांगा, तुम्ही आत हाय."

ऑइलने उत्तर दिलं नाही. माझ्या मते ते खोटं बोलू शकत नव्हतं आणि खरं बोलायची त्याची तयारी नव्हती.

मॅडमनी नियमांचं पुस्तक चाळलं. संमती सशर्त असू शकते, अट पूर्ण झाली की ती लागू होते, असं त्यांना सोळाव्या पानावर सापडलं. परीक्षा आज घेतली तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. ऑइल म्हणालं, उजळणी राहिली आहे, पण चालेल.

अश्लेषा धावत जाऊन गोरुले सरांना घेऊन आली. ते आम्हाला विज्ञान शिकवतात आणि आमच्याच गावात राहतात. सर आंघोळ करून नुकतेच जेवायला बसत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न हजेरीचा काढला. पंचाहत्तर टक्के भरते का?

"एक बी खाडा न्हाई, सर," मावशी म्हणाली. "पोरींचं जाऊ द्या, तुमच्यापेक्षा जास्त भरंल."

सरांनी ते हसून मान्य केलं. त्यांनी वीस गुणांचा पेपर काढला, पाच प्रश्न, वेळ अर्धा तास. ऑइलला हात नाहीत, तेव्हा लेखनिक लागणार होता. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा एक इयत्ता खालचा असावा असा नियम आहे, आणि आठवीतली मी एकटीच अंगणात होते. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मी मागे सरते. पण लेखनिकाला बोलायचं नसतं, फक्त लिहायचं असतं, हे लक्षात आलं तेव्हा मी उठले.

सरांनी मला सूचना दिल्या. जेवढं सांगितलं जाईल तेवढंच लिहायचं. आपल्या मनाचा शब्द घालायचा नाही, चूक दिसली तरी दुरुस्त करायची नाही. मी मडगार्डवर पुठ्ठा ठेवला आणि नाव विचारलं. ऑइल म्हणालं, नावाची जागा रिकामी सोडा, गाडीचा नंबर घाला.

अडचण एकच होती. बोलण्यासाठी ऑइल गरम पाहिजे, आणि अर्धा तास गरम राहायचं तर इंजिन चालू पाहिजे. म्हणजे पेपर चालेल तितका वेळ इंजिन झिजणार. मावशीला हे सांगावं लागलं नाही. तिने किल्ली फिरवली, खाली उतरली आणि बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली.

पहिला प्रश्न रिकाम्या जागांचा होता. ऑइलने चारही भरल्या. दुसऱ्यात व्याख्या होत्या, त्या अश्लेषाच्या आवाजातल्या चढउतारांसकट आल्या. तिसरा प्रश्न होता, तेल पाण्यावर का तरंगते? ऑइल म्हणालं, प्रश्न थोडा खाजगी आहे, तरी उत्तर देतो. त्याने घनतेचं कारण नीट सांगितलं आणि पुढे घातलं की पाण्याबद्दल मनात राग नाही. हे लिहायचं का, असं मी सरांकडे बघून डोळ्यांनी विचारलं. सरांनी मान हलवली, म्हणून लिहिलं.

चौथ्या प्रश्नाला ते अडखळलं. तो धडा वाचला गेला त्या दिवशी रुक्साना तापाने आली नव्हती आणि अश्लेषाने मधली दोन पानं गाळली होती. ती दोन पानं मला माहीत होती, कारण माझी चुलत बहीण गेल्या वर्षी नववीत होती. माझं पेन कागदावर टेकलेलं होतं. मी वाट पाहिली. ऑइल म्हणालं, "पुढचे मला माहीत नाही. तसेच लिहा." मी तसंच लिहिलं.

याच वेळी इंजिनात टकटक सुरू झाली. आधी कधीतरी एक, मग सारखी. लाल दिवा आता लुकलुकत नव्हता, लागूनच राहिला होता. मॅडमनी घड्याळ पाहिलं, वीस मिनिटं झाली होती. मावशी काही बोलली नाही. परीक्षा चालू असताना बोलायचं नसतं, एवढं तिला माहीत होतं, आणि ती स्वतः तिसरीतून घरी बसलेली बाई आहे. तिचा दुसरा हात किल्लीकडे गेला आणि परत आला. असा तो दोनदा गेला आणि दोनदा परत आला. मी आजवर पाहिलेल्या माणसांत इतकं अवघड काम इतक्या गुपचूप करणारं दुसरं कुणी नाही.

पाचवा प्रश्न मी वाचून दाखवला. घर्षण उपयुक्त की हानिकारक? सकारण स्पष्ट करा. गुण आठ.

या प्रश्नाची ऑइल जुलैपासून वाट पाहत असणार. एवढ्या गुणांचा प्रश्न, आणि त्याच्याइतकं त्यातलं कळणारं आमच्या अख्ख्या शाळेत कुणी नाही, सरसुद्धा. तेवढ्यात आतून एक मोठा ठोका आला आणि जीप हलली.

"लेखनिक," ऑइल म्हणालं, "पाचवा प्रश्न सोडून द्या. मॅडम, संमती घ्या."

मॅडमनी आठवण करून दिली की अट पूर्ण झालेली नाही, आणि अट त्याच्याच बाजूची आहे.

"मी अट मागे घेतो," ऑइल म्हणालं. "आतला आवाज तुम्हाला बाहेर कमी ऐकू येतो. बाईंना सांगा, किल्ली फिरवा. लगेच."

मावशीने किल्ली फिरवली. अंगण एकदम शांत झालं. मॅडमनी पट्टी टीपकागदावर धरली आणि थेंब स्वतःहून सुटला. मध्ये काळा ठिपका, भोवती राखाडी कडा. मॅडमनी तारीख घातली आणि शिक्का मारला.

मावशीने घमेलं सरकवलं, गाडीखाली आडवी झाली आणि नट खोलला. ऑइल आलं. आधी जाड, मग दोरीसारखं बारीक. मी आजवर कुणालाही इतक्या सरळ रेषेत जाताना पाहिलेलं नाही. सगळ्या मुली आपोआप उभ्या राहिल्या.

सर पेपर घ्यायला हात पुढे करत होते. मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. "इंजिन बंद झालंय," त्या म्हणाल्या. "पेपरची वेळ संपलेली नाही. सहा मिनिटं आहेत."

सगळ्यांनी घमेल्याकडे पाहिलं. ऑइल अजून गरम होतं. बाहेर काढल्यावर त्याच्याशी कुणी बोलत नाही, म्हणून ते बोलतं की नाही हे कुणाला माहीत नव्हतं.

मी घमेल्याशेजारी गुडघ्यांवर बसले. प्रश्न पुन्हा वाचून दाखवणं हे लेखनिकाचं काम आहे. मी तो वाचला. पुरवणी लागणार नाही, असं ऑइल म्हणालं. मग त्याने सांगायला सुरुवात केली, आणि मी लिहीत गेले:

"घर्षण दोन्ही आहे. घर्षण नसते तर गाडीची चाके जागीच फिरली असती. ब्रेक लागला नसता. मुलींना फणसाच्या चढावर पाय रोवता आले नसते आणि फळ्यावर खडू उमटला नसता. परंतु लोखंड लोखंडाला लागले की दोन्ही झिजतात. दोघांचीही चूक नसते. म्हणून मध्ये कुणीतरी लागते. मध्ये असणाऱ्याने दोघांचाही चुरा स्वतःकडे घ्यावा आणि तो कुणाला दाखवू नये. माझे काम घर्षण संपवण्याचे नव्हते. माझे काम फक्त"

मी थांबले. घमेल्यावर बोट ठेवून पाहिलं. ते कोमट झालं होतं, आणि मग तेवढंही राहिलं नाही. मॅडमनी वेळ संपल्याचं सांगितलं.

सरांनी पेपर हातात घेतला. शेवटच्या ओळीवर ते खूप वेळ थांबले, आणि पूर्णविराम राहिलाय, असं म्हणाले.

"त्यांनी सांगितला नाही," मी म्हटलं.

सरांनी पेपर घडी घालून नववीच्या गठ्ठ्यासाठी खिशात ठेवला. मावशीने नट आवळला, हात पुसले आणि नव्या ऑइलचा डबा फोडला.