रकाना रिकामा सोडू नये

रिकामा रकाना हे जगातल्या निम्म्या अनर्थांचं मूळ आहे. (उरलेल्या निम्म्यांचं मूळ खाडाखोड.) माणूस उपाशी राहिला तर फार तर मरतो, पण अर्जातला रकाना उपाशी राहिला तर अख्खं प्रकरण अडकतं.

हे सत्य सास्तूरच्या शांतलिंग हत्तुरे यांना नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात उमगलं होतं. तालुक्याच्या एका कचेरीत (नाव कशाला, सगळ्या सारख्याच) एकतीस वर्षांत त्यांनी चार हजार दोनशे सतरा अर्ज परत केले. त्यातले चार हजार दोनशे केवळ रिकाम्या रकान्यापायी आणि सतरा शाई आवडली नाही म्हणून. ज्याच्याकडं लिहिण्यासारखं काही नाही त्यानं 'निरंक' लिहावं, पण रकाना उघडा टाकू नये, अशी त्यांची शिकवण. भाजीच्या यादीतसुद्धा ते 'कोथिंबीर : निरंक' असं लिहीत. त्यांच्या पत्नी नागम्माबाईंनी याला तीस वर्षांपूर्वी एकदा नाक मुरडलं आणि मग नाद सोडला.

तर सन दोन हजार चार, दुसरा शनिवार. त्यांची मुलगी शिवप्रिया हिला पुण्याच्या एका संस्थेत माती परीक्षणाच्या शिक्षणासाठी जागा मिळाली होती. अट एवढीच, की त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत इंटरनेटवरून होकार कळवावा, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला. पोरीनं दोन वर्षं रात्रीचा दिवस केला होता. पाच वाजले की सगळं मुसळ केरात.

"अप्पा, मी एकच्या एसटीनं उमरग्याला जाते. तिथल्या कॅफेतून दहा मिनिटांत काम होतंय," ती म्हणाली.

"घरात यंत्र असताना?" शांतलिंग म्हणाले. त्यांनी आठवड्यापूर्वीच संगणक घेतला होता, आणि टेलिफोन खात्याकडून डायल-अपचं खातं, गुप्त शब्द आणि जोडणी कशी करायची याचा कागदही आणला होता. एक वाजता एसटी आली आणि गेली.

जोडणी आपोआप करून देणारी एक सीडी मिळाली होती. ती शांतलिंगांनी फडक्यात गुंडाळून ठेवली. जे काम आपोआप होतं त्याला जबाबदार कोण, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याला सीडीकडं उत्तर नव्हतं. जोडणी हातानंच होणार होती. त्यांनी नस्ती उघडली, तिच्यावर विषय लिहिला आणि चष्मा पुसला.

जोडणीचं नाव, फोन नंबर, वापरकर्त्याचं नाव हे सगळं त्यांनी एकेका बोटानं, पण बिनचूक भरलं. गुप्त शब्द टाकताना पडद्यावर नुसत्या चांदण्या उमटल्या. लिहिणाऱ्यालाही न दाखवण्याइतकी गोपनीयता त्यांनी कचेरीतही पाहिली नव्हती, आणि त्यांना यंत्राबद्दल आदर वाटू लागला.

मग आला 'डोमेन' नावाचा रकाना. कागदावर त्याच्यापुढं स्वच्छ लिहिलं होतं : रिकामा सोडावा.

शांतलिंगांनी ते वाक्य तीनदा वाचलं. छपाईची चूक असणार, हे त्यांना उघड दिसत होतं. त्यांनी इंग्रजी अक्षरांत 'निरंक' टाइप केलं आणि बटण दाबलं.

मोडेमनं नंबर फिरवला, घसा खाकरला, सायकलचा ब्रेक दाबल्यागत किंचाळला आणि गप्प झाला. पडद्यावर उमटलं : प्रवेश नाकारला, त्रुटी क्रमांक ६९१.

"परत केला," शांतलिंग कौतुकानं म्हणाले. अर्ज परत करताना क्रमांक घालणारं यंत्र म्हणजे आपल्याच गोत्रातलं. त्यांनी क्रमांक आवक नोंदवहीत चढवला आणि पुन्हा प्रयत्न केला. असे नऊ प्रयत्न झाले. नऊही वेळा क्रमांक ६९१ आला. एका जावक क्रमांकावर नऊ पत्रं कशी काय निघतात, अशी पृच्छा त्यांनी समासात नोंदवली.

चार वाजले. शिवप्रियाचं तोंड सुकलं होतं. आता उमरग्याला जाणंही शक्य नव्हतं.

"अप्पा, तेवढा एक रकाना मोकळा सोडा. कागदावर तसंच लिहिलंय."

"आज एक सोडला तर उद्या दुसरा सोडावा लागतो."

"उद्या काय करायचंय? माझी जागा आज जातीय."

नागम्माबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवला नाही. "लेकरू रडायला लागलंय, दिसत न्हाय का तुमाला?" एवढंच म्हणाल्या, आणि चहा परत घेऊन गेल्या. एकतीस वर्षांत शांतलिंगांचं काहीही कुणा माणसानं परत केलं नव्हतं.

शांतलिंगांनी आधी लेकीकडं आणि मग घड्याळाकडं पाहिलं. पण नियम तो नियम. साडेचारला त्यांनी कोरा कागद घेतला आणि रकाना रिकामा सोडण्यास परवानगी मिळावी, असा विनंतीअर्ज लिहिला. तो स्वतःकडं सादर केला. खुर्ची थोडी सरकवून वरिष्ठ म्हणून बसले आणि शेरा मारला : 'उमेदवाराची निकड पाहता विशेष बाब म्हणून मंजूर. हा निर्णय पायंडा मानू नये.' मग सही केली, तारीख घातली आणि डोळे मिटून 'निरंक' खोडलं.

मोडेम किंचाळला, पण या वेळी रडणं थांबलेल्या पोरासारखा हळूहळू शांत झाला. जोडणी झाली होती. पाच वाजायला वीस मिनिटं कमी होती.

संस्थेचं पान उघडायलाच बारा मिनिटं लागली. शिवप्रियानं भराभरा नाव, गाव, क्रमांक भरला आणि पाठवलं. पान लाल होऊन परत आलं : सर्व रकाने भरणे आवश्यक. फॅक्स क्रमांकाचा रकाना रिकामा होता. अख्ख्या सास्तुरात फॅक्स नव्हता.

"आता काय लिहू?" तिनं विचारलं.

"निरंक," शांतलिंग म्हणाले.

तिनं लिहिलं. चार वाजून सत्तावन्न मिनिटांनी होकार पोचल्याची पावती आली. पोर बापाच्या गळ्यात पडली आणि शांतलिंगांचा चष्मा दुसऱ्यांदा पुसावा लागला. चहाही पुन्हा आला.

या सगळ्या वेळात बाहेर ओट्यावर गावातली धुरपदाबाई अर्ज घेऊन बसून होती. राहतं घर स्वतःच्या नावावर व्हावं, असा तिचा अर्ज होता, आणि तो सात वेळा परत गेला होता. 'पतीची संमती व सही' हा रकाना रिकामा होता. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. मृत्यूचा दाखला जोडलेला होता, पण दाखला दाखल्याच्या जागी आणि सही सहीच्या जागी. सुट्टीच्या दिवशी घरी अर्ज मंजूर करणं नियमात बसत नाही, पण परत करायला जागेचं बंधन नसतं, म्हणून शांतलिंगांनी तो हातात घेतला.

"सायेब, म्या सगळं ऐकलं," धुरपदाबाई म्हणाली. "तितं तुमचं ते निरंक लिवा की."

"सहीच्या रकान्यात निरंक चालत नाही."

"मग ते दुसरं करा. इशेस बाब."

"त्याला वरिष्ठांची मंजुरी लागते," शांतलिंग म्हणाले. वरिष्ठ मघाशी याच खुर्चीत बसले होते, पण आता ते तिथं नव्हते. त्यांनी आठव्यांदा शेरा मारला आणि अर्ज परत दिला. धुरपदाबाईनं तो घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

शिवप्रिया दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं, ऐकलं होतं. ती बोलायला म्हणून पुढं झाली आणि म्हणाली, "अप्पा, चहा निवायलाय."

वाचकहो, तुम्हाला शांतलिंगांचा राग आला असणार, आणि तो योग्यच आहे. तो रीतसर नोंदवता यावा म्हणून खाली जागा दिली आहे. आपलं काम झाल्यावरही खिडकीपाशी थांबून, मागं उभ्या असलेल्या धुरपदाबाईसाठी तुम्ही आजवर किती वेळा तोंड उघडलंत, तो आकडा स्वच्छ अक्षरात लिहावा :

..............................

रकाना रिकामा सोडू नये. (काय लिहायचं, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.)