निकाळजे आणि पाच व्होल्ट

माझी पत्नी गेली तेव्हा भेटायला बरीच माणसं आली. त्यांतल्या निकाळज्यांनी मात्र खुर्चीवर बसण्याआधी भिंतीतल्या प्लगमध्ये मीटरच्या दोन सुया खुपसल्या, चष्मा कपाळावर सरकवून आकडा पाहिला आणि म्हणाले, "दोनशे सोळा. जरा कमी हाय, पण चालंल." मग बसले. पाणी प्यायले. उठताना म्हणाले, "फ्रिजला स्टॅबिलायझर लावून घ्या सर." त्या दिवसांत मला मिळालेल्या सल्ल्यांपैकी पाळण्याजोगा हा एकच होता.

निकाळजे पुंडलिकनगरात आमच्याच गल्लीत राहतात. आयुष्यभर त्यांनी वायरमनचं काम केलं. आता हात कापतात म्हणून मुलीनं, वैशालीनं, शिडीवर चढायला बंदी केली आहे. मीटर मात्र खिशातून सुटलेला नाही. लग्नाच्या पंगतीत ते मांडवातल्या वायरींकडे बघत जेवतात. "कसं काय?" असं कुणी विचारलं तर तब्येत न सांगता गल्लीतलं व्होल्टेज सांगतात. माणसांबद्दलची मतंही त्यातलीच. जावई "पोरगा चांगला, पण अर्थिंग नाय." कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचा "फ्यूज लई बारीक." माझ्याबद्दल त्यांनी माझ्यासमोरच सांगितलं होतं, "सर म्हंजे झिरोचा बल्ब. तरास नाय कुणाला, पण उजेड बी नाय."

एका संध्याकाळी ते दारात उभे राहिले. "मोकळे हाय का सर? एक आकडा वाचायचाय."

मी मोकळाच होतो. घरात दुसरं काही नव्हतं. चप्पल घालून निघालो.

त्यांच्या मागच्या खोलीत कपाटाएवढी एक लाकडी पेटी होती. वर काचेचा पडदा, खाली एक दांडा आणि लाल बटण, दोन्ही कुशींवर उडालेल्या रंगातली विमानं. औरंगपुऱ्यात पूर्वी व्हिडिओ गेमचं पार्लर होतं, त्यातली. तिथलं वायरिंग निकाळज्यांचं. पार्लर बंद करून मालक गाव सोडून गेला, तेव्हा त्यानं ही पेटी यांच्या दारात उतरवून दिली. गेली दोन-अडीच दशकं ती याच खोलीत होती. आता मात्र लावली की चित्र यायचं, विमानं थरथरायची, पडदा काळा व्हायचा आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू. तेही तेवढाच वेळ.

"सप्लायचा घोळ हाय," निकाळजे म्हणाले. "लायनीचं पाच व्होल्ट करून देतो तो डबा. बरोबर पाच पायजे. एकानं स्क्रू फिरवायचा, एकानं मीटर वाचायचं. दोघांचं काम हाय हे."

दारात वैशाली उभी होती. "सर, तुम्ही तरी समजवा यांना. पोरगी स्वयंपाकघरात बसून अभ्यास करायली, अन् हितं हे भूत खोली अडवून बसलंय. रविवारी भंगारवाला येणार म्हंजे येणार."

"अन् चालू झालं तर?" निकाळज्यांनी विचारलं.

"चालू झालं तर र्‍हाऊ द्या. पण होत नाय ना बाबा ते! आई गेल्यापासून बगायलेय मी."

मग रोज संध्याकाळी मी आकडे वाचू लागलो. निकाळज्यांचा शिरस्ता होता, आधी सगळ्या वायरी काढायच्या, मग हात लावायचा. सप्लाय मोकळा करायचे, सुया टेकवायचे, स्क्रू फिरवायचे.

"वाचा की सर! कविता नाय ती, आकडा हाय."

"चार... पाचच्या जवळ... पाच. बरोबर पाच."

"झालं!" म्हणून ते वायरी जोडायचे. पडदा उजळायचा, विमानं थरथरायची, काळोख. त्यांनी सप्लाय बदलून दुसरा आणला. तोही मोकळा असताना बरोबर पाच दाखवायचा आणि जोडला की तेच. दोघंही थकलो होतो. शनिवार उजाडला तेव्हा निकाळज्यांनी पेटीवरची धूळ पुसून ठेवली होती. तो पुसलेला पृष्ठभाग बघवत नव्हता.

त्या संध्याकाळी काम चालू असताना माझ्या भाचीचा फोन आला. कसे आहात, जेवलात का, तिनं नेहमीप्रमाणे विचारलं. मी ठीक आहे म्हणालो, जेवलो म्हणालो आणि फोन ठेवला. निकाळजे स्क्रूड्रायव्हर हातात तसाच धरून माझ्याकडे बघत होते.

"जेवले?"

"नाही."

"मंग ठीक कामून म्हणले?"

"फोनवर काय सांगायचं?"

त्यांनी सप्लायकडे बघितलं, मग पेटीकडे. एकदम कपाळावर हात मारून घेतला. "आरारारा! बिनलोडाचं मोजायलोय आपण! हे बी मोकळं असलं की ठीकच सांगणार ना. सगळं जोडा. चालू असतानी मोजू."

चालू मशीनला सुया लावायच्या म्हणजे त्यांच्या जन्माच्या शिस्तीविरुद्ध. तरी त्यांनी सुया टेकवल्या. सप्लायपाशी मी पाच वाचलं. वायर जिथं आतल्या सर्किटच्या पाटीला पोचते, तिथं साडेचार सुद्धा भरेना.

"वाटंत खातंय कुणीतरी," निकाळजे कुजबुजले.

पाटीचं टोक जिथं बसतं, ते कनेक्टर काजळून काळं पडलं होतं. "खोडरबर असंल ना घरी? मास्तर हाय तुम्ही." मी घरी जाऊन आणलं. मशीन बंद करून त्यांनी ते टोक वहीतली चूक खोडावी तसं घासलं, कनेक्टर साफ केलं, दाबून बसवलं आणि खटका ओढला.

विमानं आली. थरथरली नाहीत. वैशाली कणकेच्या हातानं येऊन दारात थांबली, बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पोरीचं टेबल बसतंय का बगते त्या कोपऱ्यात," आणि डोळे मनगटानं पुसत आत गेली.

"खेळा आता," मी म्हणालो.

"मी? मला कुठं येतं? कुसुम खेळायची." त्यांनी पुढचं स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि स्वतः बाजूच्या डब्यावर बसले. "दुपारची भांडी झाली की पदर खोचून बसायची. मी हितं. बंद पडलं की मी उघडायचो, आकडा ती वाचायची. बसा सर. दांडा धरा. मारा की गोळी!"

माझं विमान लगेच पडलं.

"कुसुम बी पयल्यांदा असंच मरायची," ते म्हणाले. मग, पडद्यावरची नजर न काढता, "वहिनी काय करायच्या दुपारी?"

ती कशी गेली हे सगळ्यांनी विचारलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं.

"पत्ते लावायची," मी म्हणालो. "एकटीच. आणि डाव अडला की लबाडी करायची."

"एकट्यानं खेळताना लबाडी?"

"हळूच. इकडंतिकडं बघून."

निकाळजे खो खो हसले. मग डबा थोडा पुढे ओढून म्हणाले, "मंग?"

मी दांडा सोडला आणि सांगू लागलो.