लाल दिव्याखालचे व्याही

"तू निर्धास्त राहा. त्यांना आमचं जुनं रेडिओ केंद्र असं दाखवतो, की बाहेर पडतानाच लग्नाची तारीख काढतील," रेडिओकाका लेकीला म्हणाले. तिच्या होणाऱ्या सासऱ्यांनी अजून होकार दिला नव्हता, आणि दोन्ही घरांची आज पहिलीच भेट होती.

काकांनी या केंद्रात चौतीस वर्षं ध्वनिमुद्रण सांभाळलेलं. आता तिथं संग्रहालय झालंय. पण होणारे व्याही गाडीतून उतरल्यापासून जे बोलत सुटले, ते काकांना एक शब्द मध्ये टाकू देईनात. बायका बाहेर जुने फोटो बघत रेंगाळल्या आणि हे दोघे स्टुडिओत शिरले. जाड दार आपोआप लागलं.

"हं, तर लग्नाचं म्हणाल," व्याह्यांनी घसा खाकरला, "तर माझं स्पष्ट मत असं आहे की..."

तेवढ्यात भिंतीवरचा लाल दिवा लागला.

लाल दिवा म्हणजे प्रक्षेपण सुरू! चौतीस वर्षांची सवय हो, निवृत्त झालं म्हणून ती थोडीच जाते? काकांनी झडप घालून व्याह्यांचं तोंड दाबलं. त्या झटापटीत जुन्या गालिच्याची धूळ उडाली आणि व्याह्यांना शिंक यायला लागली. काकांनी नाकही दाबलं.

लेक काचेपलीकडे आली तेव्हा तिला दिसलं ते एवढंच: आपला बाप सासऱ्यांचं नाकतोंड आवळून उभा आहे आणि सासरे वांग्यासारखे जांभळे पडलेत. ती काच बडवून ओरडायला लागली. आत टाचणीएवढाही आवाज पोचत नव्हता. काकांनी डोळे वटारून उलट तिलाच गप्प राहायची खूण केली.

संग्रहालयातल्या बाईंनी धावत येऊन दार उघडलं. "अहो काका, सोडा त्यांना! तो दिवा पाहुण्यांना दाखवायला ठेवलाय. बाहेरचं बटण दाबलं की लागतो."

काकांचे हात गळून पडले. व्याह्यांना सणसणीत शिंक आली. मग ते मटकन खुर्चीत बसले ते बसलेच, तोंडातून अवाक्षर नाही. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीचं लग्न आपल्याच हातांनी मोडलं, आता तिला तोंड कसं दाखवायचं?

विहीणबाई दारात उभ्या होत्या. बटण त्यांनीच दाबलं होतं. गप्प बसलेल्या नवऱ्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"लग्न पक्कं समज," त्या होणाऱ्या सुनेला म्हणाल्या. "फक्त तुझ्या बाबांनी रोज संध्याकाळी आमच्याकडे यायचं."