एफ-एटची रजा

माउस हा प्राणी माणसाचा वेळ खायलाच जन्माला आलाय, असं ओवैस मुकादमने रविवारी, म्हणजे आखातातल्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, सकाळी ऑफिसात जाहीर केलं, स्वतःचा माउस ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवरला कुलूप लावलं.

"किल्ली कुठे ठेवलीस?" हिशेब बघणाऱ्या कॅरलने विचारलं.

"आता तिची गरज लागणार नाही."

"त्या ड्रॉवरमध्ये माझा स्टेपलर आहे."

शोध तसा अपघातानेच लागला होता. गेल्या आठवड्यात ओवैसने बिर्याणीचा डबा कीबोर्डवर टेकवला आणि पडद्यावरच्या सगळ्या खिडक्या क्षणात गडप झाल्या. पाठीमागून आलेल्या अँब्रोज सरांना ओवैस बघत असलेल्या मॅचच्या जागी फक्त निळं आकाश दिसलं. त्या दिवसापासून ओवैसची शॉर्टकटवर श्रद्धा बसली. सुट्टीत मनामातल्या खोलीवर बसून त्याने एक छोटा प्रोग्राम उतरवून घेतला. त्यात कुठल्याही बटणाला कुठलंही वाक्य शिकवता यायचं. बटण दाबलं की वाक्य उमटायचं, एंटरही स्वतःच मारायचं आणि थेट समोरच्याच्या डोक्यावर जाऊन बसायचं.

वाक्य कुठलं शिकवायचं, हा प्रश्नच नव्हता. कंपनी बाथरूमच्या टाइल्स विकायची. माल कधी येणार, असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकांना उत्तर देणं हे ओवैसचं काम, आणि उत्तर वर्षानुवर्षं एकच होतं. त्याने ते एफ-एटच्या बटणाला पढवलं: "इंशाल्ला, उद्या."

सकाळचा चहा यायच्या आत दिवसभराचं काम संपलं.

"ओवैस, हाताची घडी घालून का बसलायस? बरं नाही वाटत?" अँब्रोज सरांनी विचारलं. सर वसईचे, ऑफिसचे मॅनेजर. रिकामा बसलेला माणूस दिसला की त्यांचं बीपी वाढायचं.

"काम खलास, सर."

तेवढ्यात जनाबियातल्या एका व्हिलावाल्याचा मेल आला. ओवैसने एक बोट खाली सोडलं. मेल गेला. सरांनी त्याला ते पुन्हा करायला लावलं, मग स्वतः करून बघितलं. व्हिलावाल्याला एकाच मिनिटात तीनदा उद्याचं वचन मिळालं.

"हे अरबाबच्या लॅपटॉपवर पण टाकून दे," सर म्हणाले.

अरबाब म्हणजे मालक. टायपिंगचा त्यांना इतका कंटाळा, की कुणाच्या मयताची बातमी आली तरी ते वर केलेला अंगठा पाठवायचे. ओवैसने हे काम मनापासून केलं. कारण पुढच्या महिन्यात त्याची दापोलीला मंगनी होती, मुलगी नाझिश, आणि रजेचा अर्ज अरबाबकडेच अडकला होता. रजा वर्षातून एकदाच मिळे. ती चुकली, तर मुलीचे वडील रहिमतुल्ला मामू दुबईचं स्थळ बघायला टपलेलेच होते.

बटण अरबाबना भलतंच आवडलं. बँकेला उद्या, वकिलाला उद्या, दाताच्या डॉक्टरला उद्या. कॅरलनेही आपल्या कॉम्प्युटरवर ते घालून घेतलं. मग बुधवारी अरबाबच्या बायकोचा मेसेज आला, 'आईला आणायला एअरपोर्टला निघालात ना?' अरबाबनी चहाचा घोट घेतला आणि एफ-एट दाबलं.

सासूबाई बॅगांवर बसून राहिल्या. बसल्या बसल्या त्यांनी अख्ख्या खानदानाला फोन लावले.

गुरुवारी अरबाब ऑफिसात आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "ते वाक्य या ऑफिसातून पुन्हा बाहेर जाता कामा नये."

"मिनिटात बदलतो," ओवैस म्हणाला, आणि त्याने सगळ्या कॉम्प्युटरवर एफ-एटला नवं वाक्य शिकवलं: "हो. आजच."

पण बोटांना हे कोण सांगणार? बोटं सवयीने पडत राहिली. दुपारपर्यंत जनाबियात एकाने जुनं बाथरूम फोडून टाकलं आणि तो कमरेला टॉवेल गुंडाळून गेटपाशी टाइल्सच्या ट्रकची वाट बघत उभा राहिला. कॅरलच्या ईसा टाउनच्या घरमालकाने सहज विचारलं होतं, घर सोडायचा विचार आहे का? तो नवीन भाडेकरू घेऊन दारात हजर झाला. आणि ओवैसने आदल्या दिवशी अरबाबना अदबीने लिहिलं होतं, 'सर, माझी रजा मंजूर होईल का?' त्याचंही उत्तर आलं.

हो. आजच.

"तुझी रजा आजपासून सुरू," अँब्रोज सर म्हणाले.

"सर, मंगनी पुढच्या महिन्यात आहे."

"सिस्टिममध्ये चढली बाबा."

"उतरवता येत नाही?"

"येते की. अरबाबना विचारावं लागेल. ते आत सासूबाईंशी बोलतायत. जातोस?"

आतून सासूबाईंचाच आवाज येत होता. ओवैसने नकारार्थी मान हलवली.

"आणि खरं सांगू? तू चार दिवस इथे नसलेला बरा. यल्ला, नीघ."

"जाताना किल्ली दे," कॅरल म्हणाली. "मला बाहेर काढलेल्या सामानाला लेबलं स्टेपल करायचीत."

विमानात ओवैसने नवा बेत आखला: मंगनीच अलीकडे ओढायची. बेतात खोट एवढीच होती, की आखाती देशातला माणूस न कळवता, एका बॅगेनिशी गावात उतरला, की दापोलीत त्याचा एकच अर्थ निघतो. रिक्षावाल्याने पैसे घेतले नाहीत. मावशीने पाठीवरून हात फिरवला आणि डोळे पुसले.

मामूंनी मात्र नीट बसवलं. चहा आला, बिस्किटं आली.

"बेटा, स्पष्ट विचारतो. नोकरी आहे ना?"

"आहे ना मामू."

"मग असा अचानक कसा काय आलास?"

"मालकांनीच सांगितलं. आजच."

मामूंनी आतल्या दाराच्या पडद्याकडे बघितलं. पडदा हलला.

"का बरं सांगितलं?"

"तसं काही नाही. त्यांच्या सासूबाई जरा एअरपोर्टवर बसून राहिल्या. माझ्यामुळे."

मामूंनी कप खाली ठेवला. "पण परत बोलावलंय ना? कधी जाणार?"

ओवैस सांगणार होता, आठवड्याची रजा आहे, तिकीट खिशात आहे. पण प्रश्न ओळखीचा होता. बोट आपोआप टेबलावर पडलं.

"इंशाल्ला," तो म्हणाला, "उद्या."

पडद्याआडून नाझिशची आई आली आणि बिस्किटांची बशी उचलून आत घेऊन गेली.