वनमालाबाईंवरून गेलेलं रॉकेट

मेहुणीच्या साखरपुड्यासाठी आणलेल्या रोलातला एकच फोटो जयवंताने बायकोकडून मागून घेतला. आठ महिने काच घासून त्याने स्वतः दुर्बीण बनवली होती आणि पृथ्वीभोवती फिरणारं एका रशियन रॉकेटचं रिकामं नळकांडं तिन्हीसांजेला मुलुंडवरून जाणार होतं. शहाऐंशी साल ते. गच्चीवरून पार मिठागरांपर्यंत आभाळ मोकळं दिसायचं.

"एकच हं! नाहीतर क्षमाच्या साखरपुड्याची वाट लावाल," नलिनीने बजावलं.

दुर्बिणीला कॅमेरा बांधून जयवंत श्वास रोखून उभा राहिला. ठरल्या मिनिटाला ठिपका सर्रकन आला नि गेला. "गावला!" तो असा ओरडला की उंदीर गावला समजून खालच्या मजल्यावरचे दोघे काठ्या घेऊन वर धावले.

त्या गोंधळात रोल पुढे सरकलाच नाही. रविवारी साखरपुड्यात त्याच चौकटीत क्षमाच्या होणाऱ्या सासूबाईंचा, चारकोपच्या वनमालाबाईंचा फोटो निघाला. बाई कडक. अख्ख्या समारंभात हसल्या त्या एकदाच, नेमक्या तेव्हा.

स्टुडिओवाले अण्णा खुशीत होते. "साहेब, बाईंच्या अंबाड्यापासून खांद्यापर्यंत पांढरी रेघ होती. निगेटिव्हवरनंच खरवडून टाकली. झकास!"

"अण्णा, ते माझं रॉकेट होतं!"

जयवंताचा चेहरा बघून अण्णांनी खरवडण्याआधीची एक कॉपी कुठूनशी शोधून दिली. जयवंताने ती फ्रेम करून भिंतीवर लावली.

पंधरा दिवसांनी लग्नाच्या याद्या करायला वनमालाबाई आल्या आणि भिंतीसमोर थबकल्या.

"माझा फोटो? आणि ही रेघ कसली?"

जयवंताने मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. लग्न मोडलंच म्हणून नलिनीने डोळे मिटले.

"म्हणजे फोटो माझा नाय, त्या नळकांड्याचा."

"म्हणजे... दोघांचा."

बाईंनी काचेवरून त्या रेघेवर बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "परत कधी जातंय ते?"

"आजच. सात वीसला."

पदर खोचून बाई चार जिने चढल्या. सात वीसला एक ठिपका अंधारातून शांतपणे सरकत आला. "अगो बाय! एवढ्या लांबनं माझ्यावरनं गेलं होय!" म्हणत त्या लहान पोरीसारख्या हसल्या. जयवंत त्यांच्याकडेच बघत राहिला. बटणावरचं बोट हललंच नाही.

"काढलात ना फोटो, जयवंतराव?"

"राहिला."

"मग उद्या येते परत," बाई म्हणाल्या. "ह्यांनाही आणते. त्यांच्यावरनं कधी काय गेलेलं नाय."