डावीकडे झुकलेलं घर

माझं नाव सांगायची गरज नाही. ज्यांना गरज असते ते शोधत येतात, असं मी नेहमी म्हणतो. अजून कोणी आलं नाही ही गोष्ट वेगळी. नजर घारीची, मेंदू तल्लख आणि पाऊल इतकं दबकं, की दूध उतू जाताना मी शेजारी उभा असतो हे बायकोलाही नंतर कळतं. तीस वर्षं मी घरोघरचे विजेचे मीटर वाचले. जिन्याखालच्या अंधारात ज्याने उमेदीची वर्षं काढली, त्याच्यापासून जगात काय लपून राहणार? निवृत्त झालो त्याच दिवशी दारावर 'खासगी गुप्तहेर' अशी पाटी ठोकली. बायकोने तिच्याखाली 'बेल बंद आहे, दार वाजवा' अशी चिठ्ठी चिकटवली. लोक फक्त चिठ्ठी वाचतात.

सोमवारी आम्ही दोघं मुलीकडून परत आलो. सोळा तासांचा विमानप्रवास. तिथे आमची सहा महिन्यांची नात आहे. नजर माझ्यासारखीच संशयी. निघताना मुलीने मला लोकरीची कानटोपी दिली, ती मी नंतर डोक्यावरून उतरवायलाच तयार नव्हतो. विमानतळावर उतरतो न उतरतो तोच एक बाई पट्ट्यावरून माझी बॅग उचलून पळताना दिसली. हातातलं काम अर्धवट टाकून मी धावलो आणि तिला पकडलं. ती माझी बायको निघाली. आपण पळत नव्हतो, असं तिचं म्हणणं.

मंगळवारी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवले, तर घर डावीकडे झुकलेलं. कपाट झुकलेलं, खिडकी झुकलेली, चहाचा कप हातात घेऊन उभी असलेली बायकोसुद्धा झुकलेली.

"सरळ उभी राहा," मी म्हणालो.

"मी सरळच आहे. तुम्ही भिंतीला टेकला आहात."

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "अहो, वाढदिवसाची तिकिटं आत्ताच स्वस्त आहेत, किती जण येणार ते शुक्रवारी मुलीला सांगायचंय. असे गरगरत असाल तर पुन्हा सोळा तास विमानात बसायचं नाही. मी एकटी जाईन."

नातीचा पहिला वाढदिवस. ती टेबलाला धरून पहिलं पाऊल टाकणार आणि मी इथे दाराच्या चौकटीला धरून उभा. हे मला सहन होणार नव्हतं, उगाच कशाला लपवू? शुक्रवारपर्यंत गुन्हेगार सापडायलाच हवा होता.

पहिला संशय इमारतीवर. पाया खचला असणार. मी मुलीच्या लहानपणीच्या खेळण्यांतून एक गोटी काढली आणि जमिनीवर सोडली. गोटी तडक डावीकडे घरंगळली. मी विजयी मुद्रेने बायकोला हाक मारली.

"बघ! उतार!"

"बाथरूमला उतार नको, तर पाणी काय भिंतीवर चढवायचं?" ती म्हणाली. गोटी जाळीतून खाली गेली होती. महत्त्वाचा पुरावा असा गटारात गेला.

दुसरा संशय वरच्या मजल्यावरच्या नाचाच्या बाईंवर. त्यांच्या थयथयाटाने इमारत हलत असणार. जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून मी वर गेलो. बाईंनी दार उघडलं. त्यांचा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"कधीपासून?" मी करड्या आवाजात विचारलं.

"तीन आठवडे झाले. तुम्ही ठीक आहात ना? बसा जरा."

एक पाय प्लास्टरमध्ये असलेल्या बाईने मला खुर्चीपर्यंत हात धरून नेलं. गुप्तहेराच्या आयुष्यात असे दिवस येतात.

तिसरा संशय विमानातल्या टोमॅटोच्या रसावर. त्यात काहीतरी कालवलं होतं, हे उघड होतं.

"मी दोन ग्लास प्यायले," बायको म्हणाली. "तुम्ही अर्धा प्यायलात आणि अर्धा शर्टावर सांडलात."

बुधवारी तिने मला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "लांबच्या विमानप्रवासानंतर असं होतं कधीकधी. टोपी काढा, कान बघू." मी त्यांना आधी माझी कार्यपद्धती समजावून सांगितली. ती संपली तेव्हा दवाखाना बंद व्हायची वेळ झाली होती.

मधल्या काळात मी आपला भिंतीला धरून, एकेका खुर्चीचा मुक्काम करत घरात फिरत होतो. वळायचं असलं की आधी मान, मग खांदे, मग उरलेला मी. पण निरीक्षण चालूच होतं, आणि त्यातून एक भयंकर गोष्ट उघडकीला आली. लोक माझ्याशी बोलेनासे झाले होते. भाजीवाला नुसते ओठ हलवत होता. नाचाच्या बाई जिन्यात भेटल्या, नुसतं तोंड उघडून मिटलं. आणि जेवताना माझ्या डाव्या हाताला बसणारी बायको! मंगळवारी दुपारी ती बराच वेळ तोंड हलवत होती, हसत होती, माझ्या हातावर थोपटतसुद्धा होती. पण शब्द एक नाही. मी वहीत टिपलं : 'संशयित क्रमांक चार. मनातल्या मनात बोलते. कट मोठा आहे.'

शुक्रवार उजाडला. घर अजून डावीकडेच. संध्याकाळी मुलगी फोनवर आम्हाला बघणार, म्हणून बायकोने मला केस कापायला पिटाळलं. न्हाव्याच्या खुर्चीत मी डोळे मिटून बसलो. हरलो होतो. नात मला फोनच्या पडद्यावरच मोठी होताना दिसणार होती.

न्हाव्याने कानटोपी ओढून काढली, कात्री चालवली आणि थांबला.

"काका, कानात हे काय?"

"कुठल्या?"

तो पुढे काहीतरी बोलला असावा. मग डाव्या कानात चिमटा शिरला आणि त्याने बोटाएवढा पांढरा कापसाचा बोळा माझ्यासमोर धरला.

मला सगळं आठवलं. विमानात कानाला दडे बसू नयेत म्हणून मी स्वतःच दोन बोळे बसवले होते, अंगठ्याने दाबून, पक्के. उतरल्यावर उजवा काढला, आणि डाव्याला हात घालणार इतक्यात माझी बॅग घेऊन ती बाई पळाली.

दुकानातला पंखा अचानक कर्कश घरघरायला लागला. रस्त्यावरच्या गाड्या, कात्री, न्हाव्याचं हसणं, सगळं एकदम आत शिरलं. मी दहा मिनिटं बसलो, मग उठलो. आरसा सरळ होता.

घरी मी जवळजवळ पळतच गेलो. बायको फोन टेबलावर उभा करून ठेवत होती.

"प्रकरण सुटलं!" मी ओरडलो. "मी येऊ शकतो! मुलीला दोघं म्हणून सांग!"

"आता काय नव्याने सांगायचं?" ती म्हणाली. "दोघांची तिकिटं मंगळवारीच काढली. तुम्हाला जेवताना सगळं सांगितलं. म्हटलं, बोलले मी रागाच्या भरात, तुम्हाला सोडून कुठे जाणार? वाटलं तर हात धरून नेईन."

मी वही उघडली, संशयित क्रमांक चारवर काट मारली आणि तिच्या उजव्या बाजूची खुर्ची ओढून बसलो. म्हणजे ती माझ्या डाव्या हाताला आली.

"पुन्हा सांग," मी म्हणालो. "सुरुवातीपासून."