जावयाला अडवणार कोण?

सहावा गोल झाला तेव्हा किशनराव उठले, लोखंडी खुर्चीची घडी घालून ती काखेत मारली आणि सामना संपायला बारा मिनिटं बाकी असताना घरी निघाले. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मानवतच्या आझाद क्लबचा हॉकीचा सामना असला की त्यांची खुर्ची ठरलेल्या जागी असायची. आपल्या गोलाच्या बाजूला, डीची, म्हणजे गोलापुढच्या अर्धवर्तुळाची, चुन्याची रेषा जिथं संपते तिथं. हाफटाइमला गोल बदलला की खुर्चीही मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जायची. पुढं आपले फॉरवर्ड काय करतात याच्याशी त्यांना फारसं घेणंदेणं नव्हतं. आझादचं दुखणं मागं आहे, फुलबॅक आणि गोलकीपरमध्ये आहे, असं त्यांचं मत होतं आणि ते मत त्या तिघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ते मांडत. "आरे, ते बाजाराचं गेट हाय का? कुणीबी बैलगाडी घेऊन आत यायलंय!" हे त्यांचं त्यातल्या त्यात सौम्य वाक्य.

पण लोक ऐकून घेत, कारण माणूस खरा. किशनराव कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. बोंडातला तंतू दोन बोटांत ओढून ते जी प्रत सांगतील ती केंद्रालाही मान्य असे आणि शेतकऱ्यालाही. स्वतःच्या मेहुण्याचा कापूससुद्धा त्यांनी एकदा खालच्या प्रतीत घातला होता. मेहुणा अजून बोलत नाही.

येत्या तीस जूनला ते रिटायर होणार होते. मग मुक्काम गावी, चारठाण्याला. चारठाण्यात देवळं पुष्कळ, पण गोलपोस्ट एकही नाही. अकरा वर्षं परभणीच्या स्टार क्लबकडे असलेली स्पर्धेची ढाल जायच्या आधी एकदा मानवतला आलेली बघावी, जमलं तर हातात धरावी, एवढंच त्यांना हवं होतं. आणि आज साखळी सामन्यात त्याच स्टार क्लबने आझादला सहा-एक असं हरवलं होतं. जिंतूर आणि सेलू यांना हरवल्यामुळे आझाद तरीही फायनलला पोचला होता, पण फायनल पुन्हा स्टार क्लबशीच होती.

संध्याकाळी स्टँडजवळच्या हॉटेलात त्यांनी तिघांना गाठलं. माणिकराव आणि दत्तराव हे दोघे सख्खे भाऊ आझादचे फुलबॅक, आणि त्यांचे मामा सटवाजी गोलकीपर.

"माणिक, मैदानात तू काय करायला गेलतास? पाहुणचार?" किशनरावांनी विचारलं.

"काका, दाजी व्हते ना."

"कोण दाजी? परभणीचा सेंटर फॉरवर्ड व्हता तो!"

"मैदानात काय अन् घरात काय, दाजी ते दाजीच की." माणिकरावांनी बशी खाली ठेवली. "आबा न्हाईत म्हनून माघात कन्यादान मी केलं. त्यांच्या पायावर पाणी घातलं. आता त्याच पायात स्टिक घालू का?"

"अन् आपली रुख्मिणी तिथं नांदायलीय," दत्तराव म्हणाले. "दाजींला खरचटलं-बिरचटलं तर उद्या तिलाच बोलणी बसतील."

किशनरावांनी सटवाजीकडे मान वळवली. "अन् तू रे? तुला बॉल दिसत न्हवता?"

"दिसत व्हता की," सटवाजी म्हणाला. "पर जावईबापूंचं तोंडबी दिसत व्हतं. कसं आनंदात पळत यायलं व्हतं लेकरू! आडवलं असतं तर तोंड उतरलं असतं. आपल्याला न्हाई बघवत."

किशनरावांनी चहा अर्धा टाकला आणि घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. सुलाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "ही सोयरीक जमवली कुणी?"

जमवली किशनरावांनीच होती. स्टार क्लबचा बन्सीधर तीन वर्षं आझादवर हटकून दोन-दोन गोल करत होता. मुलगा कृषी विद्यापीठात नोकरीला, वागायला नम्र. याला मानवतची मुलगी दिली तर पोरगा सासरच्या गावाकडून खेळेल, असा हिशेब मनात धरून किशनरावांनी परभणीला एसटीने चार खेपा घातल्या होत्या. लग्न थाटात झालं. बन्सीधर दर रविवारी सासरी येऊही लागला. जेवायचा, सासूच्या पाया पडायचा आणि परत जाऊन स्टार क्लबकडूनच खेळायचा. पूर्वी दोन गोल व्हायचे, आता सहा झाले.

"आता एक करा," सुलाबाई भाकरी उलटत म्हणाल्या, "पुढल्या वर्षी त्यांच्या गोलकीपरलाबी कुणाची तरी पोरगी द्या."

पण किशनरावांच्या डोक्यात वेगळंच चालू झालं होतं. अधिक ज्येष्ठ चालू होता, म्हणजे धोंड्याचा महिना. या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, अनारशांचं वाण आणि कपडे द्यायचे. बन्सीधरचा हा लग्नानंतरचा पहिलाच धोंडा. दुसऱ्या दिवशी किशनराव बन्सीधरच्या सासूकडे, धुरपताबाईंकडे जाऊन बसले.

"वहिनी, जावयाचं जेवण कधी ठेवलंय?"

"बुधवारी म्हणत व्हतो."

"रविवारी दुपारी ठेवा."

"रविवारी तर फायनल हाय म्हणे त्यांची."

"म्हनून तर. जावई गावात येणारच हाईत. दोन-दोन खेपा कशाला? चांगलं पोटभर वाढा. तूप हात राखून वाढू नका."

धुरपताबाईंचे डोळे भरून आले. "आमच्या पाव्हण्याचा लय इचार करताव बगा तुमी."

किशनराव खाली बघू लागले. ते खोटं बोलले नव्हते, फक्त सगळं बोलले नव्हते. कापसाच्या बाबतीत एवढंही त्यांनी कधी केलं नव्हतं.

रविवारी दुपारी पंगत बसली. सोयरीक जमवणारे म्हणून किशनरावांनाही पाट होता. बन्सीधरला ओवाळलं, कपाळी कुंकू लावून अक्षता लावल्या, आणि पहिला धोंडा तुपात बुडवून ताटात पडला. चौथ्या धोंड्याला बन्सीधरने ताटावर हात आडवा धरला.

"बास आता. संध्याकाळी खेळायचंय."

"एवढा एक," सटवाजी म्हणाला.

"मामा, तुमी घेत असाल तर घेतो."

सटवाजीने घेतला. मग दाजींसाठी माणिकरावांनी घेतला, आणि भाऊ घेतोय म्हटल्यावर दत्तरावांनीही घेतला. यापुढे प्रत्येक धोंड्याला हेच होऊ लागलं. बन्सीधरच्या ताटात एक पडला की आझादच्या बचाव फळीच्या पोटात तीन जात होते.  किशनरावांनी डोळ्यांनी खुणा केल्या, ठसका लागल्याचं सोंग केलं, शेवटी सटवाजीच्या मांडीला चिमटा काढला. सटवाजीने वाढपिणीला सांगितलं, "काकांलाबी एक वाढा, मागायलेत."

हात धुवून झाले तेव्हा तिघेही भिंतीला टेकून बसले होते आणि बोलायचं टाळत होते. बन्सीधर मात्र सतरंजीवर आडवा झाला आणि पाच मिनिटांत घोरू लागला. साडेचार वाजले तरी घोरतच होता.

"दाजींला उठवावं का?" दत्तरावांनी हळूच विचारलं.

"काय बोलायलास!" धुरपताबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या. "जेवून झोपलेल्या जावयाला उठवायचं? लोकं काय म्हणतील?"

"बरोबर हाय वहिनींचं," किशनराव घाईने म्हणाले. "आजाबात उठवू नका." आणि तिघांना पुढं घालून ते मैदानाकडे निघाले.

फायनल सुरू झाली. स्टार क्लबने बराच वेळ वाट पाहिली आणि शेवटी बन्सीधरच्या जागी राखीव खेळाडू उतरवला. तो बिचारा कुणाचाच कुणी नव्हता. माणिकरावांनी त्याला पहिल्या पाच मिनिटांत दोनदा असा आडवा केला की तिसऱ्यांदा तो इकडे फिरकलाच नाही. पोटात धोंडे असूनही दत्तराव भिंतीसारखे उभे होते. सटवाजीने चार बॉल पॅडवर घेतले आणि एक छातीवर. मध्येच आझादने एक गोलही करून टाकला. किशनराव पहिल्यांदाच गप्प बसून सामना बघत होते. बोलायला काही उरलंच नव्हतं. हाच बचाव, हाच गोलकीपर, आणि आपण इतकी वर्षं यांना शिव्या दिल्या, असं वाटून त्यांना गहिवरून आलं.

हाफटाइमला घरून निरोप आला. जावई उठले. उशीर झालेला बघून उंबऱ्यावर बसलेत. बोलेनात, चहा घेईनात, नुसतं म्हणतात, मला कुणी उठवलं का न्हाई.

तिघांची तोंडं पडली.

"पहिल्या धोंड्याला जावई रुसला," सटवाजी म्हणाला.

"रुसू दे!" किशनराव ओरडले. "अर्धा तास रुसू दे! वाण जास्ती द्या, सदरा द्या, समजूत काढू सगळे मिळून. पर मॅच झाल्यावर!"

ऐकायला माणिकराव तिथं होते कुठं? ते कुणाची तरी सायकल घेऊन निघालेही होते. दहा मिनिटांनी ते परत आले. मागं कॅरेजवर बन्सीधर बसला होता, मांडीवर स्टिक, अंगात स्टार क्लबची जर्सी. चढाला माणिकराव उभे राहून पायडल मारत होते आणि घामाने निथळत होते. आझादच्या फुलबॅकने परभणीचा सेंटर फॉरवर्ड डबल सीट मैदानात आणून सोडला, हे दृश्य किशनरावांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं.

पुढचं सांगायला नको. बन्सीधर जेवणाने जड झाला होता, पळत नव्हता, चालतच होता. पण वाट मोकळी असल्यावर चालून भागतं. पहिल्यांदा बॉल घेऊन तो आला तेव्हा दत्तराव बाजूला झाले, माणिकराव अजून दम खात होते, आणि सटवाजीने बॉल गेल्यावर झेप घेतली. एक-एक.

तरी किशनरावांचा जीव तगून होता. सामना बरोबरीत सुटला तर ढाल सहा-सहा महिने वाटून द्यायची आणि पहिले सहा महिने यजमान गावाकडे, असा स्पर्धेचा नियम होता. सहा महिने! त्यांना तर तीस जूनपर्यंतच हवी होती. त्यांनी घड्याळ हातात काढून धरलं. सहा मिनिटं. तीन मिनिटं. एक मिनिट.

तेवढ्यात बन्सीधर किशनरावांच्या खुर्चीच्या बाजूने बॉल घेऊन आला. आता त्याला चालणंही होईना. डीच्या बाहेरच उभं राहून त्याने जीव खाऊन स्टिक फिरवली. बॉल सटवाजीच्या दोन पॅडांमधून गोलात गेला. स्टार क्लबने उड्या मारल्या. आझादचे फॉरवर्ड धावत आले, "बाहेरून हाय! बाहेरून मारलाय! गोल न्हाई!" डीच्या बाहेरून मारलेला बॉल गोल धरत नाहीत, हे तिथं चहा विकणाऱ्यालाही ठाऊक होतं.

पंच मागं राहिले होते. धुरळा उडालेला, चुन्याची रेषा पायांनी पुसलेली. त्यांनी फुलबॅकना विचारलं. माणिकराव आकाशाकडे बघू लागले. दाजी चुकले असं दाजींच्या तोंडावर म्हणायची त्यांची छाती होईना. मग पंचांची नजर खुर्चीवर गेली.

"किशनरावांनी बघितलं असंल. रेषेवर बसलेत."

"आमाला चालतंय," स्टार क्लबचा कॅप्टन म्हणाला. "ग्रेडर खोटं बोलणार न्हाईत."

आझादवाल्यांना तर चालणारच होतं. ते हसायलाही लागले.

किशनराव उभे राहिले. त्यांनी बघितलं होतं. चांगला हातभर बाहेर होता. तोंडात शब्द तयार होता, फक्त बाहेर काढायचा होता, आणि ढाल समोरच टेबलावर लाल कापडावर ठेवलेली होती.

तेवढ्यात बन्सीधर पुढं आला. गालावर सतरंजीचे वळ उठले होते. कपाळावरचं कुंकू घामाने नाकापर्यंत आलं होतं आणि त्यात अक्षतांचा एक दाणा अजून चिकटलेला होता.

"काका, तुमी म्हणाल ते खरं," तो म्हणाला. "मला झोपेत काय कळलं न्हाई."

किशनरावांनी तो दाणा बघितला. त्यांनी पुसलेल्या रेषेकडे बघितलं, पुन्हा त्या कपाळाकडे बघितलं.

"आतून," ते म्हणाले.

शिट्टी वाजली.

बक्षीस समारंभात बन्सीधरने ढाल घेतली आणि सरळ खुर्चीकडे आला. आधी पाया पडला, मग म्हणाला, "काका, धरा जरा, मी बुटाची नाडी बांधतो." किशनरावांनी ढाल दोन्ही हातांनी धरली. वाटली होती त्यापेक्षा जड होती. बन्सीधरने दोन्ही बुटांच्या नाड्या सावकाश सोडल्या आणि सावकाश बांधल्या.

घरी जाताना सटवाजी त्यांच्या बरोबरीने चालत होता. पॅड खांद्यावर टाकलेले.  सटवाजीला राहवेना.

"काका, खरं सांगा. बाहेरून व्हता ना?"

"व्हता."

"मग?"

किशनरावांनी काखेतली खुर्ची दुसऱ्या काखेत घेतली.

"सटवाजी, तू दोन्ही पायाला पॅड बांधून त्याला आडवू शकला न्हाईस," ते म्हणाले. "माझ्या पायात तर नुसती चप्पल व्हती."